पेटी उघडी टाकायची नाय

लोधिवलीच्या बौद्धवाडीत भुताखेतांचा धंदा कुणी बंद पाडला असेल, तर तो धर्माजी लाइनमननं. पिंपळाला कुणी लिंबू-बाहुली टांगली की हा शिडी लावून ती काढणार, लिंबू स्वच्छ धुऊन घरी आणणार आणि त्याचं सरबत करून टांगणाऱ्याच्याच दारासमोर उभा राहून पिणार. ओढ्यापलीकडच्या माळावर भर बाराला जाऊ नये, तिथं हिरव्या लुगड्यातली बाई दिसते, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले. धर्माजी नेमका त्याच वेळी भाकरी बांधून त्या माळावर जेवायला जायचा. कुणी हटकलंच तर म्हणायचा, "दिसली तर बरंच हाय. इचारीन तिला, लाइट बिल भरलंस का गं."

तीस वर्षं वीज मंडळात खांबावर काढलेला माणूस. ज्याला हात लावला तर जीव जातो अशी एकच गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि ती तारेतून वाहायची. निवृत्त झाल्यावर तो विहाराच्या समितीत गेला. दर रविवारी वंदनेला खणखणीत आवाजात पुढं म्हणायचा आणि बाकीच्यांनी मागं. बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ होत्या आणि दुसऱ्याला त्या ऐकवायची हौसही दांडगी होती.

असल्या या धर्माजीला गेलं वर्षभर रोज दुपारी पाऊण वाजता आपल्या मेलेल्या बायकोची हाक ऐकू येत होती.

हाक यायची परसातल्या मधपेटीतून. घराच्या मागं शेवग्याचं झाड, झाडाखाली कपडे धुवायचा काळा दगड, आणि दगडापासून दहा पावलांवर लाकडी पेटी. चार पायांवर उभी, पाय वाट्यांत ठेवलेले, मुंग्या चढू नयेत म्हणून त्यांत पाणी घालायचं. पेटीत माश्यांची घूं तर दिवसभर चालायचीच. आयुष्यभर ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलेल्या माणसाला त्या आवाजाचं काय अप्रूप? पण पाऊण वाजला की ती घूं जराशी खाली बसायची आणि तिच्यातून गौराबाईचा आवाज निघायचा. "अवो." तेवढंच. धर्माजी ताटावर असला तर घास खाली ठेवायचा. ओटीवर असला तर उठायचा, मागल्या दारात येऊन उभा राहायचा, आणि त्याच्या तोंडून आपसूक उत्तर जायचं, "आलो."

मग काहीच व्हायचं नाही. शेवग्याचा पाला हलायचा, माश्या दारातून ये-जा करायच्या. गार पडलेलं जेवण तो कुत्र्याला घालायचा. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. ज्यानं गावाला आयुष्यभर भूत नाही म्हणून शिकवलं, त्यानं आता कुठल्या तोंडानं सांगावं की माझ्या परसात आहे?

मध ही मूळची गौराबाईची विद्या. दहा वर्षांपूर्वी एका सरकारी शिबिरात ती बचत गटाच्या बायकांबरोबर गेली होती. बाकीच्या बायका चहा-नाश्ता करून परत आल्या, ही सातेरी माश्यांची पेटी मांडीवर घेऊन टेंपोतून आली. एकीच्या तीन पेट्या केल्या. जाळी नाही, मोजे नाहीत, उघड्या हातांनी पोळ्यांच्या लाकडी चौकटी उचलायची आणि सगळा वेळ माश्यांशी बोलत राहायची. सरक गं बाये, हातावर बसू नको, चेंगरशील. धर्माजी मात्र डोक्यापासून गुडघ्यापर्यंत जाळीत गुंडाळलेला, हातात माश्या शांत करायचं धुराचं डबडं. खांबावर न भ्यायलेला गडी माशीला भितो म्हणून ती त्याची थट्टा करायची. चौक गावच्या बाजारातले शकूरभाई तिच्या मधाची पहिली बाटली स्वतःसाठी काढून ठेवायचे. गौरावहिनींच्या मधाला जांभळाचा कडवटपणा असतो, तो दुसऱ्या कुणाच्या मधाला येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा काय झालं, ती बाहेरगावी असताना धर्माजीनं आपलं आपणच पेटी उघडली. मधेच कुणी मीटरची तक्रार घेऊन दारात आला, तर हा पेटी तशीच टाकून गप्पा मारायला गेला. निवृत्त झाला तरी ऐट गेली नव्हती ना. तासाभरानं येतो तर पेटीत मुंगळे, मधावर परक्या माश्यांचा दरोडा. दोन दिवसांत सगळी वसाहत पेटी सोडून उडून गेली. सातेरीची जात मानी. घर नासलं की ती मागं वळून बघत नाही. गौराबाईनं पुढं ती पेटी पुन्हा बसवली, पण चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती एवढंच, की पेटी उघडी टाकायची नाय. यमाची हाक आली तरी झाकण लावून जायचं.

धर्माजीनं ते मनावर घेतलं. अर्धवट टाकलेल्या जोडणीनं माणूस मरतो हे लाइनमनला शिकवावं लागत नाही. चौकट परत ठेवायची म्हणजे घाई चालत नाही. सावकाश उतरवायची, कडेच्या माश्या गवताच्या काडीनं बाजूला सारायच्या, एकही चेंगरता कामा नये, कारण एक चेंगरली की तिच्या वासानं बाकीच्या पेटतात. एका चौकटीला दोन-अडीच मिनिटं लागतात. त्या दिवसानंतर त्यानं कधी पेटी उघडी टाकली नाही.

गेल्या वर्षी एप्रिल सरता सरता, एका गुरुवारी दुपारी, दोघं मध काढत होते. चौकटी बाहेर, पेटी उघडी, आणि एक माशी गौराबाईला कानाखाली डसली. तिला हजारदा डसल्या असतील, तिनं नखानं काटा काढला आणि हसली. जरा वेळानं म्हणाली, गरगरतंय, सावलीत बसते. जाऊन दगडावर बसली. धर्माजीची पाठ तिच्याकडं. चौकटी परत लावायचं काम आता त्याच्या एकट्याच्या गळ्यात.

तिनं हाक मारली, "अवो." तो म्हणाला, "आलो." हातात चौकट होती. मग ती काहीतरी पुटपुटली. माश्यांशी बोलत असेल, असं त्याला वाटलं. मग पुन्हा हाक आली. तो म्हणाला, "आलो म्हणतो ना, झाकण लावून आलो." तिसरी हाक हाक नव्हतीच, नुसता श्वास होता. झाकण लावून, वर दगड ठेवून, जाळी काढून तो वळला तेव्हा ती दगडावरून घसरून खाली बसली होती आणि ओठ निळे पडले होते.

टेंपोतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता, पण भल्या माणसानंही कधीकधी तोंड आवरावं. म्हणाला, विषाची रिअ‍ॅक्शन आली. वर्षानुवर्षं काही न होता एखाद्या दिवशी येते. दहा-पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर इंजेक्शननं वाचल्या असत्या.

तिथंच, दवाखान्याच्या बाकड्यावर, धर्माजी पहिल्यांदा खोटं बोलला. कुणीतरी विचारलं, तुम्ही कुठं होतात? तो म्हणाला, मी पातेलं आणायला घरात गेलो होतो. पातेलं सापडेना. बाहेर आलो तर ही अशी.

खोट्याचं एक वाईट असतं, एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवू घालावं लागतं. कुठलं पातेलं? मोठं, पितळेचं. कुठं होतं? माळ्यावर. मग एवढा वेळ? शिडी घ्यावी लागली. वर्षभरात ते पातेलं इतकं खरं झालं की धर्माजीला त्याचा पोचा आलेला काठसुद्धा दिसायचा. घरात पितळेचं पातेलं नव्हतंच. गावातल्या एकानंही ते दाखव म्हटलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. पण इथं कुणी संशयसुद्धा घेईना, हेच त्याला खायचं. रविवारी वंदनेला पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही या शीलापाशी, त्याचे नुसते ओठ हलायचे. मागच्यांचा आवाज मोठा असल्यानं ते झाकून जायचं.

त्यानंतर त्यानं पेट्यांना हात लावला नाही. पावसाळ्यात फुलं नसतात, माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. त्यानं दिला नाही. दोन पेट्या श्रावणातच रिकाम्या झाल्या. जाऊ देत, असं त्याला वाटलं, आणि ती तिसरीही जाऊ दे, जी त्या दिवशी उघडी होती. पण तिसरी गेली नाही. पाक नाही, साफसफाई नाही, वाट्यांतलं पाणी आटलेलं, तरी ती नांदत राहिली. दिवाळीनंतर त्यानं सहज एका बाजूनं उचलून पाहिली तर जड लागली. जांभूळ फुलल्यावर आणखी जड. माणसाच्या हाताशिवाय ही वसाहत कशी तगली, हे त्याला उमगेना. शेजारच्या चंद्राबाईला मात्र लगेच उमगलं. कुंपणावरून वाकून ती म्हणाली, "धर्माजी, गौरा हितंच घुटमळतेय. तिचं काय तरी राह्यलंय बग."

एरवी धर्माजीनं तिला अर्धा तास बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या असत्या. त्या दिवशी तो आत गेला आणि त्यानं मागलं दार लावून घेतलं. पाऊण वाजता त्यानं ते उघडलंच.

खरं सांगायचं तर त्याला भीती हाकेची नव्हती. हाक बंद पडण्याची होती, आणि ती कुणा दुसऱ्याला ऐकू येण्याचीही. कुणा दुसऱ्याला म्हणजे अपेक्षाला. एकुलती एक लेक, शेलूला नव्या इमारतीत राहायची, अंबरनाथला एका कुरियरच्या ऑफिसात कामाला. आईवर जीव टाकणारी. तिला जर कळलं की आई हाका मारत होती आणि बाप चौकटी लावत होता, तर ती या घराची पायरी चढणार नाही, याबद्दल धर्माजीच्या मनात शंका नव्हती. बायको गेलीच होती. लेक राहावी, एवढ्यासाठी ते पातेलं होतं.

आणि आता वर्ष भरलं. रविवारी गौराबाईच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन ठरलं. अपेक्षा शनिवारी सकाळीच आली, पिशवीतून पन्नास लहान बाटल्या काढून ओटीवर मांडल्या. म्हणाली, आलेल्या प्रत्येकाला आईच्या पेटीतला मध द्यायचा. धर्माजीनं नाना सबबी सांगितल्या. माश्या तापट झाल्यात, मध पिकला नसेल, मेणाची कीड लागली असेल, विकतचा आणू, शकूरभाई देतील. ती ऐकून घेत गेली. मग म्हणाली, "बाबा, आईच्या माशा हायत. तुमी नुसता धूर धरा, बाकी मी करते." तिला आईनंच शिकवलं होतं. सुट्टीत आली की दोघी मिळून चौकटी काढायच्या.

बारा वाजून गेल्यावर ती परसात उतरली. धर्माजी मागल्या दारात उभा. घड्याळाकडं त्याचं लक्ष. तासभर थांबू म्हणाला, तर ती म्हणाली, उन्हातच बऱ्या, निम्म्या माश्या बाहेर असतात. ते खरं होतं. अखेर त्यानं डबड्यात गोणपाट पेटवलं आणि पेटीपाशी जाऊन उभा राहिला. जाळी घातली नाही. का घातली नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. डसल्या तर डसू देत, असं काहीसं मनात असावं.

झाकण निघालं. वर्षाची कोंडलेली ऊब तोंडावर आली, मेणाचा आणि मधाचा वास. वरचा कप्पा काठोकाठ भरला होता, पांढऱ्या मेणानं मोहोरबंद केलेला. कीड नाही, बुरशी नाही. अपेक्षाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती ते पुसेना, कारण हात मधाचे होते. तिनं एकेक पोळं कापून पातेल्यात घेतलं, वर फडकं टाकलं. रिकाम्या केलेल्या चौकटी ओळीनं पाटावर उभ्या केल्या. पेटी उघडी होती. माश्या दोघांच्या हातांवर चालत होत्या, एकही डसली नाही.

मग घूं खाली बसली.

धर्माजीला कळलं, आता येणार. त्यानं दात आवळून धरले. "अवो." इतक्या जवळून कधी आली नव्हती. आणि वर्षाची सवय, तोंडावर ताबा राहिला नाही.

"आलो," तो म्हणाला.

अपेक्षानं मान वर केली. कुणाला म्हणालात, असं तिनं विचारलं नाही. नुसती बघत राहिली. तिच्या बघण्यात आश्चर्य नव्हतं, आणि त्यानंच त्याचा धीर सुटला. तो उभ्या उभ्या बोलत सुटला. पातेलं नव्हतं. माळ्यावर काही नव्हतं. मी घरात गेलोच नव्हतो गं अपे. मी हितंच होतो, ह्या पेटीपाशी. तिनं तीन हाका मारल्या आणि मी झाकण लावत बसलो. पेटी उघडी टाकायची नाय म्हणायची ना ती. मला वाटलं, बसलीय सावलीत.

बोलून झाल्यावर तो खाली बघत उभा राहिला. लेक आता काय करील ते करो. मधाचं पातेलं अंगावर ओतलं असतं तरी त्यानं हूं की चूं केलं नसतं.

"मला ठाऊक हाय, बाबा," अपेक्षा म्हणाली.

त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी फोन केला होता आईला. डब्याच्या सुट्टीत रोज करायची. ती म्हणाली, माशी डसली, गरगरतंय गं. मी म्हटलं, बाबांना बोलव. तिनं हाक मारलेली मी ऐकली. तुमी 'आलो' म्हणालात, ते पण ऐकलं." तिनं पातेल्यावरचं फडकं नीट केलं. "आई म्हणाली, येतायत बाबा, ठेव तू, जेवून घे. मी ठेवला फोन. आणि मी जेवले, बाबा. सगळा डबा खाल्ला."

म्हणजे ते पुटपुटणं माश्यांशी नव्हतं. धर्माजी वर्षभर ज्या एका शब्दात कोंडला गेला होता, त्याच शब्दात दुसऱ्या बाजूनं त्याची लेकही होती, आणि दोघं एकमेकांना पातेल्याची गोष्ट सांगत-ऐकत बसले होते. ती दर वेळी मान डोलावायची. बापाला उघडं पाडायचं नाही म्हणून डोलावायची, की आपला फोन झाकायला, हे तिचं तिलाच माहीत नसेल.

त्याला तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण हिंमत होईना. तिनं मनगटानं नाक पुसलं आणि विचारलं, "किती वेळानं गेलात तुमी तिच्याकडं?"

हा प्रश्न वर्षभरात कुणी विचारला नव्हता. डॉक्टरनंही नाही. मिनिटं त्याला ठाऊक नव्हती. घड्याळ कोण बघतं अशा वेळी? त्याला एकच माप ठाऊक होतं.

"पाच चौकटी," तो म्हणाला.

दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळलं नसतं. अपेक्षाला कळलं. तिनं पाटावर ओळीनं उभ्या असलेल्या चौकटींकडं पाहिलं. मग शेवग्याखालच्या दगडाकडं बोट केलं. "तिथं बसा जरा," म्हणाली. रागावून नव्हे. आजारी माणसाला सांगतात तसं.

त्या दगडावर तो वर्षभर बसला नव्हता, कुणाला बसूही दिलं नव्हतं. तो जाऊन बसला. तिथून त्याला लेकीची पाठ दिसत होती, पेटीचा कोपरा आणि तिच्या कोपरांची हालचाल. तिनं पहिली चौकट उचलली. सावकाश उतरवली, काडीनं माश्या बाजूला सारल्या, दाबून बसवली. आईच्याच हाताची सवय, घाई नाही, हयगय नाही. मग दुसरी उचलली.

पेटीपाशी उभं राहिलं की हात कामात असतात, वेळ कसा जातो कळत नाही. दगडावर बसलं की हातांना काही नसतं. दुसरी चौकट बसेपर्यंत धर्माजी दगडाच्या कडेला सरकला. हाक यायची तो वाट बघत होता. आता तरी ती यावी, त्याच्या बाजूनं काही सांगावं, असं त्याला वाटत होतं. पेटीत नुसत्या माश्या होत्या. तिसरी चौकट उतरता उतरेना. अपेक्षाची पाठ हलली, थांबली, पुन्हा हलली, आणि त्याच्या लक्षात आलं की ती रडतेय आणि तरीही हात थांबवत नाहीय, कारण पेटी उघडी आहे.

चौथी चौकट तिनं उचलली तेव्हा त्याला राहवलं नाही.

"अपे," त्यानं हाक मारली.

"आले, बाबा," ती म्हणाली. ती वळली नाही. तिच्या हातात चौकट होती, आणि पाचवी अजून पाटावरच होती.